गोरखचं परीक्षा केंद्र

४ जानेवारी, शनिवार

प्राचार्यांनी जेलमधल्या वर्गाचं 'अनुभवकथन' मागितलं होतं. दोन पानं, टाइप करून, फोटोसह, नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलला लावायला. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, फोटो कुठून आणू, असं विचारलं तर म्हणाले, "मग बाहेर पाटीखाली उभ्या राहा, मॅडम." कारागृहाच्या पाटीखाली हसत उभी असलेली मी! सत्तावन्न वर्षं सांभाळलेली अब्रू एका फोटोत गेली असती.

फोटोशिवायच लिहून दिलं. 'परिवर्तन' हा शब्द त्यात चार ठिकाणी आला आहे. केशवने वाचलं. निवृत्त झाल्यापासून माझं लेखन तपासणं हा माझ्या नवऱ्याचा उद्योग आहे. म्हणाला, "परिवर्तन नक्की कुणाचं झालं ते कळत नाही." मी कागद ओढून घेतला. मग वाटलं, खरंखुरं कुठेतरी वेगळं लिहून ठेवावं. म्हणून ही वही.

खरंखुरं असं, की मी जेलमध्ये शिकवायला स्वखुशीने गेलेच नव्हते. आमच्या तळेगावच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे, आणि पुण्याच्या जेलमधले बी.ए.चे विद्यार्थीही आमच्याकडेच जोडलेले आहेत. दर शनिवारी कुणीतरी जायचं होतं. राज्यशास्त्राच्या सरांचा मणका दुखतो. मराठीच्या बाईंच्या सुनेचं बाळंतपण होतं. उरले मी, अर्थशास्त्राची चंद्रिका. मीटिंगमध्ये मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, तीच माझी संमती धरली गेली. पुढे स्थानिक पेपरात चार ओळी छापून आल्या आणि तेव्हापासून ही कल्पना मूळची माझीच होती असं मी सांगत आले आहे. आता मलाही ते खरं वाटतं.

आज वर्गात सहा जण होते. सगळ्यांत पुढे गोरख. तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या तळेगावजवळच्या आंबीचा शेतकरी, चाळिशीला आलेला. बांधाच्या भांडणात चुलत भावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला, भाऊ गेला. लग्न ठरलं होतं ते मोडलं. मागणी-पुरवठ्याचा नियम विचारला तर म्हणाला, "मॅडम, सनासुदीला हितल्या कँटीनला बिस्कुटं संपत्यात, तवा एका पुड्याला दोन दिसाचं कपडं धुऊन द्यावं लागत्यात. त्योच ना?" तोच. माझ्या नोट्समध्ये हे सांगायला दीड पान खर्ची पडलं आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज तळेगावचा रविवारचा वर्ग. कंपन्यांतली मुलं-मुली, एक अंगणवाडीच्या ताई, दोन होमगार्ड. आठवडाभर राबून आलेली माणसं, पंख्याखाली बसली की पेंगतात. मला सवय आहे.

पण आज वर्ग रंगला. सुरुवात रेणुकाने केली. ही आंबीची मुलगी, तिथल्याच पॅकिंगच्या कंपनीत कामाला आहे. वडील नाहीत. आई कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. तिसऱ्या बाकावर बसते, फारसं बोलत नाही. तिने एकदम विचारलं, "मॅडम, तुमी शनवारी जेलात शिकवायला जाता ना?"

"हो."

"ती मानसं खरंच अभ्यास करत्यात?"

मी डस्टर खाली ठेवलं. असा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वर्षभर वाट बघत होते. मग मी बोलले. तुमच्याच भागातला एक शेतकरी, साधा बांधाचा वाद, एका क्षणाचा राग, हातात फावडं. पुढे अंधारी कोठडी, पश्चात्ताप, उशीत तोंड खुपसून रडणं. (रडण्याचं गोरख कधी बोललेला नाही, आणि तिथे उशी देतात की नाही हेही मला माहीत नाही. पण वाक्य ओघात आलं.) आणि आता हातात पुस्तक, डोळ्यांत पदवीचं स्वप्न! नाव अर्थातच घेतलं नाही. तेवढी व्यावसायिक नीती मी पाळते. शेवटी म्हणाले, "अशा माणसाला आपण दुसरी संधी देणार की नाही?"

अंगणवाडीच्या ताईंनी पदर डोळ्यांना लावला. होमगार्ड जागे झाले. रेणुका मधेच दप्तर भरून उठली. दारातून जाताना तिचे डोळे लाल दिसले. मुलगी हळवी आहे. एखाद्या वर्गात आपण कुणाच्या तरी काळजाला हात घालतो, ते हेच.

घरी येऊन केशवला सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं. त्याने मटार सोलता सोलता ऐकलं.

२७ जानेवारी, सोमवार

गोरख सुटला! काल प्रजासत्ताक दिनाला सोडला. जेलमधल्या गुरुजींचा सकाळीच फोन आला. चांगल्या वागणुकीची सूट, पहिली दोन वर्षं पास झाल्याची सूट, सगळं जमेला धरून शिक्षा संपली. आनंदाने मी साखर-भात केला. केशव म्हणाला, "छान. आणि परीक्षा?"

"कसली परीक्षा?"

"मे महिन्यातली. त्याचं केंद्र जेलच आहे ना?"

साखर-भात जरा गिजगाच झाला होता, तेही तेव्हाच लक्षात आलं. म्हणजे अभ्यास केला म्हणून सूट मिळाली, आणि सूट मिळाली म्हणून अभ्यास अडला. हे असं काही होईल हे केंद्राच्या समन्वयकाला आधी सुचायला हवं होतं. समन्वयक मीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

गोरख आज जेलच्या गेटबाहेर भेटला. साधा पांढरा शर्ट, हातात पिशवी. बाहेरच्या उजेडात वेगळाच दिसतो, बारीक. मळवलीला मावसभावाकडे राहतो. हा मावसभाऊ, हौशीराम, तिथे एका बंगल्याची राखण करतो. गोरख त्याच्या हाताखाली झाडांना पाणी घालतो.

"आंबीला नाही गेलात?"

"न्हाई. तितं कुटं जायाचं आता."

मी त्याला समाजात पुन्हा मिसळण्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "मॅडम, मला हितंच पेपर देऊ द्या. माझी जागा बी ठरल्याली हाये. तीन तास आत सोडा, तीन तासांनी भायेर काढा."

मला ही कल्पना फारच सोपी वाटली. अधीक्षकांकडे घेऊन गेले. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "मॅडम, इतक्या वर्षांत बाहेर सोडा म्हणणारे रोज बघितले. आत घ्या म्हणणारा हा पहिलाच." नियम दाखवले. परीक्षेसाठी बाहेरच्या माणसाला बंद्यांच्या बराकीत बसवता येत नाही. "यायचंच असेल तर त्याला काहीतरी करून यावं लागेल," असं म्हणून ते हसले, मीही हसले. गोरख हसला नाही. त्याच्यासमोर आपण काय बोलून बसलो ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, आणि अधीक्षकांनी उगीचच पंखा वाढवला.

मी गोरखला म्हटलं, "काळजी करू नका. मी बघते."

हे वाक्य मी आयुष्यात ज्यांना ज्यांना म्हटलं, ती माणसं आता मला फोन करण्याआधी केशवला करतात.

११ मार्च, मंगळवार

जमलं! विद्यापीठाच्या विभागीय कार्यालयात तिसरी फेरी. पहिल्या फेरीत अर्ज चुकीच्या रंगाच्या कागदावर होता, दुसऱ्या फेरीत साहेब रजेवर. आज मात्र साहेब सापडले. "केंद्र बदलून देतो. तळेगाव देऊ का लोणावळा?"

"तळेगाव!" मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. माझं कॉलेज, माझं केंद्र, माझा विद्यार्थी. माझ्या डोळ्यांसमोर तो येतोय, मी त्याला जिन्यापर्यंत सामोरी जातेय, असं सगळं चित्र उभं राहिलं. चित्रात मी मोरपंखी साडी नेसले होते.

बाहेर येऊन लगेच गोरखला फोन केला. 'तळेगाव' हे नाव त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग, "मॅडम, लोनावळा न्हाई का जमनार?"

मला रागच आला. मळवलीहून लोणावळा पुढचंच स्टेशन आहे हे मला माहीत आहे. पण मी उन्हात तीन वेळा पुण्याला हेलपाटे घातले, आणि ह्यांना तळेगावला यायचं जिवावर येतंय! तसं बोलूनही दाखवलं. "थोडे कष्ट घ्या की स्वतःसाठी."

"तुमी केलंय म्हंजी ठीकच आसंल," म्हणाला.

आभार मानायची एकेकाची पद्धत असते.

६ एप्रिल, रविवार

गोरखला मी रविवारच्या वर्गालाही यायला सांगितलं होतं. आला नाही. मी मात्र मागच्याच रविवारी वर्गात जाहीर करून बसले होते, की आपल्याकडे एक खास विद्यार्थी येणार आहे, त्याचं आपण टाळ्यांनी स्वागत करायचं. आज अंगणवाडीच्या ताईंनी गुलाबाचं फूल आणलं होतं. ते शेवटी टेबलावरच राहिलं.

रेणुका हल्ली दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. तास संपल्यावर थांबली. "मॅडम, कोन येनार हाये?"

"आलं की कळेल," मी डोळे मिचकावून म्हटलं.

"जेलातला?"

"हुशार आहेस."

गुलाब घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाली.

४ मे, रविवार

हे लिहायला बसले त्याला बराच वेळ झाला. आधी कपाट आवरलं. मग पुन्हा आवरलं.

गोरखचं हॉलतिकीट येऊन पडलं होतं आणि त्याचा फोन बंद. म्हणून केशवला गाडी काढायला लावून मळवलीला गेले. जाताना वाटेत भाषण तयार केलं. विषय : कृतघ्नता.

बंगला डोंगराच्या कडेला आहे. हौशीराम पोहण्याच्या तलावातली पानं जाळीने काढत होता. गोरख मागे चिकूच्या झाडांना पाणी घालत होता. मी तिथे उभी राहूनच सुरू केलं. तुम्हाला किंमत नाही, आम्ही किती धावपळ करतो, माणसाने स्वतःच स्वतःला सोडून दिलं तर दुसरा काय करणार. पाइप हातात धरून त्याने सगळं ऐकून घेतलं. चिकूच्या आळ्यातलं पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं.

मी थांबल्यावर त्याने नळ बंद केला.

"मॅडम, तितं रेणुका हाये."

"कोण रेणुका?" मी विचारलं. अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"तुमच्याच वर्गात बसती, हौशीराम सांगत व्हता. अंबाजीदादाची."

"कोण अंबाजीदादा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या हातांकडे. केशवला माझ्याआधी कळलं. तो तलावाकडे निघून गेला आणि हौशीरामशी पाण्याच्या पंपाबद्दल बोलायला लागला.

दोन वर्षं मी ह्या माणसाला शिकवते आहे. त्याने ज्याला मारलं त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्याला चुलत भाऊ म्हणत होते. ह्या वहीतही चुलत भाऊच लिहिलं आहे, आत्ता मागे जाऊन बघितलं.

"तिला म्या खांद्यावर बसवून जत्रंला न्हेलीय," गोरख म्हणाला. "ती समोर आली तर माझ्याच्यानं पेन धरवायचं न्हाई. ते जाऊ द्या. पर तिनं काय म्हनून माझं तोंड बघायचं? तिचा बी तोच पेपर हाये."

"मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?"

"सांगनार व्हतो. पर तुमी लय खुशीत व्हता, मॅडम."

परतताना कामशेतला केशवने चहासाठी गाडी थांबवली. तिथे मी त्याला जानेवारीतल्या वर्गाची आठवण करून दिली. तिसरा बाक, लाल डोळे, उशी, सगळं. त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तिला जाऊन भेट."

६ मे, मंगळवार

गेले. कंपनीच्या गेटसमोर, पहिली पाळी सुटायच्या वेळी. काय बोलायचं ते ह्या खेपेला ठरवलं नव्हतं, कारण मी ठरवून बोलले की काय होतं ते बघितलं आहे.

रेणुका मैत्रिणींबरोबर बाहेर आली. मला बघून मैत्रिणींना पुढे व्हा म्हणाली. आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभ्या राहिलो. ट्रक जात होते, धूळ उडत होती.

"रेणुका, मला माहीत नव्हतं गं."

"व्हय. ते कळलं मला."

"त्या दिवशी मी वर्गात जे बोलले..."

"मीच इचारलं व्हतं ना. मला बघायचं व्हतं, तो काय करतो तितं." तिने ओढणीने तोंडावरची धूळ पुसली. "तुमी चांगलं सांगितलं, मॅडम. समदी रडली. त्याचा राग व्हता त्यात, त्याचं रडनं व्हतं, त्याचं स्वप्न व्हतं. माझा बाप कुटंच नव्हता. नुसता मेला तेवढा."

मी "हो" म्हणाले. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच मी एका शब्दावर थांबले.

मग म्हटलं, की मी त्याला येऊ नको म्हणून सांगते. पुढच्या खेपेला बसेल, लोणावळ्याला. तिने नाही अशी मान हलवली.

"का म्हनून? त्यानं यावं न्हाईतर ऱ्हावं, त्याचं तो बघंल. माझ्या नावावर नको. उद्या गावात म्हनतील, अंबाजीच्या पोरीनं परीक्षा बी दिऊ दिली न्हाई. आनि मी माझं सेंटर बदलनार न्हाई. मी का बदलू?"

"नाही, नाही. तू कशाला."

"फक्त एका खोलीत बसवू नका. आनि मॅडम..." ती जरा थांबली. "आमाला समोरासमोर आनू नका. फुलं न्हाई, टाळ्या न्हाई. कुनी कुनाला माफ केलं, आसलं काय बी न्हाई. पेपर लिहायचा आन् घरी जायाचं."

मी लगेच कबूल केलं. तरी खरं सांगायचं तर कालपासून माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात तसलाच एक प्रसंग शिजत होता. झाड, दोघं समोरासमोर, मी थोडी बाजूला. इतकं होऊनही मी त्यातून स्वतःला काढलं नव्हतं.

गोरखला फोन करून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आपलं एकही वाक्य घातलं नाही. तो म्हणाला, "येतो मग."

१९ मे, सोमवार

उद्या पहिला पेपर. गेले काही दिवस मी बैठकव्यवस्थेची योजना आखत होते. कोणती खोली, कोणता जिना, कुणाला आधी सोडायचं. कागदावर बाण काढले होते. आज ते कागद घेऊन ऑफिसात सुहासकडे गेले. सुहास आमचा परीक्षेचा क्लार्क. त्याने बाणांकडे बघितलं. "मॅडम, केंद्र बदलून आलेले नंबर शेवटीच लागतात. तो खालच्या खोलीत, बाकीचा वर्ग वर. ते आपोआपच झालंय."

बाण घरी आणले. केशवने त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहिला.

२० मे, मंगळवार

रेणुका आईबरोबर आली. सविताबाईंना मी आज पहिल्यांदा बघितलं. उंच, हाडापेराने मोठ्या, खांद्याला पाण्याच्या दोन बाटल्या. मुलगी वर गेली आणि त्या मैदानातल्या झाडाच्या पारावर बसल्या. गोरखही येणार हे रेणुकाने आईला सांगितलं होतं का, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं. एवढंच राहिलं होतं.

गोरखला पुढच्या गेटने आणायचं नाही एवढं मला कळत होतं. म्हणून मी स्वतः मागच्या बाजूला गेले, कँटीनच्या बोळात. तो ठरल्या वेळी आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी पुढे, तो मागे, अशी वरात कँटीनला वळसा घालून निघाली. दबक्या पावलांनी चालायची काही गरज नव्हती, पण मी चालत होते.

आमच्या कॉलेजात थंड पाण्याचा नळ एकच आहे, आणि तो कँटीनच्या मागे आहे. पस्तीस वर्षं मी त्याचं पाणी पिते आहे.

सविताबाई बाटली भरत होत्या. आम्ही वळलो आणि त्या सरळ झाल्या. मधे चार पावलांचं अंतर असेल. बाटली भरून पाणी बाहेर वाहत होतं, त्यांनी नळ बंद केला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं आणि सुदैवाने त्यातून काहीच बाहेर पडलं नाही.

गोरखने हात जोडले नाहीत, पायाही पडला नाही. मान खाली घालून उभा राहिला.

"गोरख," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. "लय वाळलास."

"व्हय, वैनी."

"पोरीचा पेपर हाये. तिच्या म्होरं यिऊ नको."

"न्हाई येनार."

त्यांनी नळ बंद केला, बाटलीचं झाकण लावलं आणि त्या आमच्या शेजारून निघून गेल्या. पारावर जाऊन बसल्या, ह्या खेपेला आमच्याकडे पाठ करून. गोरखच्या कपाळावर घाम फुटला होता. मी त्याला माझा रुमाल दिला, खालच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर मीच बसले.

तीन तास सविताबाई तशाच बसून होत्या. मी दोनदा त्यांच्याकडे जायला निघाले आणि दोनदा परत फिरले.

पेपर सुटल्यावर गोरख थांबला, वरची खोली रिकामी होऊन मायलेकी गेटबाहेर पडेपर्यंत. ते मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी केशवला सांगितलं. मग राहवेना, म्हणून विचारलं, "लय वाळलास म्हणाल्या, म्हणजे थोडीफार माफी असेल का रे त्यात?"

"तो वाळलाय ना?"

"हो, खूप."

"म्हणून म्हणाल्या," केशव म्हणाला.

३० मे, शुक्रवार

आज अर्थशास्त्राचा पेपर झाला. संपली परीक्षा. सविताबाई रोज आल्या, रोज पारावर बसल्या. गोरख रोज मागच्या बाजूने आला. नळाशी पुन्हा कुणाची गाठ पडली नाही, कारण सविताबाईंनी दुसऱ्या दिवसापासून पाणी घरूनच आणलं. ह्यात माझ्या व्यवस्थापनाचा काही वाटा नाही.

१८ जुलै, शुक्रवार

निकाल लागला. गोरख सगळ्या विषयांत पास, एक सोडून. तो विषय माझा आहे.

त्याचाच फोन आला. "मॅडम, तुमचा तेवढा ऱ्हायला." त्यालाच माझी समजूत घालावी लागली. दिवाळीनंतरच्या परीक्षेला पुन्हा बसणार आहे, लोणावळ्याला. फॉर्म हौशीरामबरोबर जाऊन त्याने स्वतःच भरला. मी बघते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर त्याने फोन ठेवला होता. उद्या शनिवार, जेलच्या वर्गात नवीन दोघे आले आहेत. बिस्किटांचं उदाहरण आता मी वापरणार आहे. गोरखला विचारून ठेवलं आहे, नाहीतर तेही मी माझंच म्हणून सांगितलं असतं.

प्राचार्यांना पंधरा ऑगस्टला सत्कार ठेवायचा होता. 'कारागृहातून पदवीकडे', असा फलकही ठरला होता. मी म्हटलं, तो अजून पास नाही. "मग दुसऱ्या कुणाला तरी आणा," म्हणाले. मी नाही म्हटलं. का, ते सांगताना माझी फार तारांबळ उडाली आणि शेवटी 'प्रकृती ठीक नसते' असं काहीतरी बोलले. कुणाची, ते सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं.

दुपारी रेणुका स्टाफरूममध्ये आली. फर्स्ट क्लास आहे. पेढे आणले नव्हते. एम.ए.ला अर्थशास्त्र घेता येईल का, एवढं विचारायला आली होती. मी सांगितलं. विषय, पुस्तकं, वर्ग कधी असतात. तिने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. उठली तेव्हा मला राहवलं नाही.

"रेणुका, तुझे वडील कसे होते गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण नीट निरखून, बाजारात माल बघावा तसं.

"का? कुनाला सांगायचंय?"

"नाही. कुणालाच नाही."

तिने थोडा विचार केला. टेबलावरच्या माझ्या पुस्तकांचा गठ्ठा उगीचच सरळ केला.

"सांगीन कवातरी," म्हणाली. "आत्ता दुसरी पाळी हाये माझी."

आणि गेली. मी खिडकीशी येऊन उभी राहिले. कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन थांबली होती. ओढणी कमरेला खोचून ती पळत सुटली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, कुणीतरी आतून हात पुढे केला, आणि ती चढली.